साडेपाच सूत आणि चोवीस थौ : पुस्तकांच्या कपाटाच्या नोंदी

शनिवार, ६ एप्रिल २०२४, डेटन, ओहायो

आई-बाबांना सांगलीहून येऊन दहा दिवस झाले. बाबांनी एक अख्खी बॅग पुस्तकांनीच भरून आणली आणि आता ती पुस्तकं हॉलमध्ये भिंतीला टेकवून थप्पीने उभी आहेत. आईने दोनदा विचारलं, “हे असंच राहणार का रे?” म्हणजे कपाट आता करायलाच हवं.

मापं ठरली. उंची ६० इंच, फळ्या ३० इंच, खोली सव्वाअकरा इंच. चार बाय आठच्या एका प्लायमधून सगळं निघतं, पाठीचा पातळ प्लाय तेवढा वेगळा. फळ्या बाजूंना नुसत्या स्क्रूने मारायच्या नाहीत, खाचेत बसवायच्या. पुस्तकांचा भार स्क्रूच्या मानेवर नको, खाचेच्या ओठावर यायला हवा.

खाच कशाने पाडायची हा प्रश्न. टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीच्या) नेहमीच्या पात्याची चीर साधारण अष्टमांश इंच, त्यामुळे पाऊण इंचाच्या एका खाचेला फेन्स (लाकूड जिला टेकवून ढकलायचं ती सरळ पट्टी) सरकवत सहा-सात फेऱ्या. मागच्या वर्षी बुटांचं स्टँड असंच केलं. तळाला नांगरटीसारख्या रेघा राहिल्या आणि एकही खाच दुसरीच्या मापाची नव्हती. राऊटर (फिरत्या बिटाने खाच कोरणारं हातयंत्र) आहे, पण त्याच्या भुशाने गॅरेजमधल्या गाडीचा रंग ओळखू येत नाही. यंदा डेडो सेट, म्हणजे रुंद खाच एकाच फेरीत पाडणारा पात्यांचा संच, घ्यायचाच.

रविवार, ७ एप्रिल

आधी यंत्राची पुस्तिका काढली. माझं टेबल सॉ डीवॉल्टचं डीडब्ल्यूई ७४९१आरएस : दहा इंची पातं, १५ अँपिअर, मिनिटाला ४८०० फेरे, आर्बर (पातं ज्यावर चढतं तो आट्यांचा दांडा) ५/८ इंच. डेडो चालतो, पण जास्तीत जास्त ८ इंच व्यास आणि १३/१६ इंच रुंदी. हा रुंदीचा आकडा आर्बरच्या लांबीवरून येतो. पाती चढवल्यावर नट पुरता आट्यांवर बसला पाहिजे, अर्धामुर्धा नाही. याच कंपनीचं लहान ७४८० आहे, त्याचा आर्बर आखूड, त्यावर डेडो चढतच नाही. सेट आधी घेऊन मग यंत्राकडे बघणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

डेडोला वेगळी थ्रोट प्लेटही (पातं जिच्या फटीतून वर येतं ती टेबलातली पट्टी) लागते, रुंद फटीची. नेहमीची प्लेट ठेवून चालू केलं तर पाती प्लेटच कापणार. ती सेटबरोबर येत नाही.

रात्री पुण्यातल्या मित्राचा फोन. त्यालाही हवाय सेट. त्याला म्हटलं, आधी तुझ्या यंत्राच्या पुस्तिकेत डेडोचा उल्लेख आहे का ते बघ. माझ्या यंत्राचं युरोपातलं भावंड आहे, ७४९२. दिसायला तेच, पण त्यावर डेडो चालत नाही. पात्याचं भोकही ३० मिलिमीटरचं. “मग रिंग घालून भोक लहान-मोठं करू की,” तो म्हणाला. भोक जुळवता येईल, आर्बर कुठून लांब करणार? तुझ्याकडे राऊटर आहे, पट्टी बांध आणि त्यानेच मार, असं सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

मंगळवार, ९ एप्रिल, पाडवा

काल खग्रास ग्रहण होतं आणि डेटन बरोबर सावलीच्या पट्ट्यात. भरदुपारी अडीच-पावणेतीन मिनिटं अंधार. आईने वेध पाळून सकाळीच स्वयंपाक उरकला होता. शेजारचे काका (आमच्या मुलांनी त्यांना ‘काका’ केलंय, माणूस अस्सल ओहायोचा) अंगणात काळा चष्मा लावून बसले होते. ग्रहण सुटल्यावर बोलता बोलता डेडोचा विषय निघाला, तर ते आत गेले आणि एक जुनं पातं घेऊन आले. “फुकट घे, तीस वर्षं पडून आहे.”

ते वॉबल डेडो निघालं. एकच पातं, पण तिरक्या चकत्यांमध्ये बसवलेलं. चकती फिरवली की पात्याचा कल वाढतो, आणि फिरताना ते जेवढं डावी-उजवीकडे झुलेल तेवढी खाच रुंद. आज बाबांच्या साक्षीने पाइनच्या तुकड्यावर चालवून बघितलं. यंत्राने असा थरकाप सुरू केला की कपाटावरचे स्क्रूचे डबे सरकायला लागले. खाच पडली. बाबांनी तीत स्टीलची पट्टी उभी धरली आणि तुकडा दिव्यासमोर नेला. पट्टीच्या दोन्ही टोकांना उजेड नाही, मध्ये उजेड. तळ सपाट नाही, वाटीसारखा.

“हे सायकलचं आउट झालेलं चाक आहे,” बाबा म्हणाले. “परत करून टाक, पण गोड बोलून.”

बाबांबद्दल इथे एक ओळ लिहायला हवी. ते एका कारखान्यात पॅटर्न शॉपला होते, बत्तीस वर्षं. ओतकामाचे लाकडी साचे. धातू थंड होताना आकसतो, म्हणून त्यांची पट्टीसुद्धा मुद्दाम किंचित मोठ्या इंचाची असायची. अशा माणसासमोर ‘साधारण पाऊण इंच’ म्हणायची सोय नसते.

संध्याकाळी गुढी उतरवल्यावर सेट शोधायला बसलो. पाडव्याची खरेदी झाली पाहिजे असा आईचा हुकूम होता.

तोच दिवस, रात्री

स्टॅक सेटची रचना सोपी आहे. बाहेर दोन पूर्ण पाती, मध्ये चिपर, म्हणजे दोन-चार दातांची आडवी पाती, मधलं लाकूड खरवडून काढणारी. हवी तेवढी रुंदी होईपर्यंत चिपर भरायचे, राहिलेला फरक शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून मिटवायचा.

कागदावर मी इंचांचे अपूर्णांक मांडत होतो. १/८ अधिक १/८, अधिक ३/३२... बाबांनी चष्मा पुसत विचारलं, “सुतात का नाही मोजत?”

आणि खरंच, हा सेट सुतासाठीच केलाय असं वाटावं इतका सुतात बसतो. इंचाचे आठ सूत. बाहेरची पाती एकेक सूत, मोठे चिपर एकेक सूत, एक अर्ध्या सुताचा (१/१६), आणि काही सेटमध्ये एक पाऊण सुताचा (३/३२). पाऊण इंच म्हणजे सहा सूत. आणि इथे दुकानात ज्याला पाऊण इंची प्लाय म्हणतात त्यावर बारीक अक्षरात २३/३२ छापलेलं असतं, म्हणजे पावणेसहा सूत. बाहेरची दोन, मोठे चिपर तीन, झाले पाच, वर पाऊण. शिमसुद्धा नको. बाबा म्हणाले, “मग पाऊण सुताचा चिपर असलेलाच घे. विषय संपला.”

विषय अर्थातच संपला नव्हता. ६ इंची की ८ इंची?

माझा ओढा ८ कडे होता. मोठं ते बरं, ही माझी जुनी खोड. पण हिशेब मांडला. दहा इंची पातं टेबलाच्या वर ३ १/८ इंच येतं, म्हणजे आठ इंची सव्वादोनच्या आत आणि सहा इंची सव्वा इंचाच्या आत. मला खाच हवी पाव इंच खोल, दोन सूत. सहा इंचीलाही रग्गड. फरक पडतो तो वजनात. आठ इंचीचा गठ्ठा जड, सुरू होताना मोटर आधी तोच गठ्ठा ओढणार, आणि माझं यंत्र चाकांच्या स्टँडवर उभं असलेलं, बिडाच्या टेबलाचं नाही. आठ इंचीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. त्याच फेऱ्यांत त्याच्या दातांचा वेग जास्त, सेकंदाला ५१ मीटर. सहा इंचीचा ३८. म्हणजे सहा इंचीला लाकूड जरा सावकाश ढकलावं लागणार. घाई कुणाला आहे?

दातांचा घोळ वेगळा, दर कंपनीचा हिशेब निराळा. फ्रॉइडच्या एसडी२०८ ला बाहेरच्या पात्यांना १२ दात आणि चिपर दोन दाती. ऑश्लनच्या आठ इंचीला ४२ दात. फॉरेस्टचा डेडो किंग २४ दाती, चिपर चार दाती, आणि किंमत अशी की आईला सांगण्यात अर्थ नाही. घन लाकडात कमी दात चालतात, भुसा भराभर बाहेर पडतो. पण प्लायचा वरचा पापुद्रा कागदाएवढा, आणि माझ्या खाचा रेषांना आडव्या. तिथे बाहेरच्या पात्यांचे दात जास्त हवेत आणि त्यांचा कल उलटा, म्हणजे दात लाकूड उचकटत नाही, वरून दाबत कापतो.

शेवटी मागवला तो ६ इंची, जास्त दातांचा, पाऊण सुताच्या चिपरवाला. मधल्या किमतीचा. सोबत थ्रोट प्लेट. रात्री ११:४० ला ऑर्डर गेली. पाडवा साधला.

शनिवार, १३ एप्रिल

प्लाय आणला. सेट गुरुवारीच आला होता. प्रत्येक चिपर तेलकट कागदात गुंडाळलेला. बाबांनी लग्नातल्या दागिन्यांसारखे उलगडून पाहिले आणि परत घडी घालून ठेवले.

मग व्हर्निअर काढला. प्लायच्या कडेला सहा ठिकाणी मापं घेतली. ७०७ थौ, ७०८, ७१०, ७१२, ७०९, ७०८. (थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; शॉपमधला शब्द, घरात तोच चालतो.) २३/३२ म्हणजे ७१९ असायला हवं होतं.

बाबांनी व्हर्निअर मिलिमीटरवर फिरवला. अठरा. कुठे एका केसाने कमी, कुठे एका केसाने जास्त.

“अरे, हा तर आपला अठरा एमएमचा प्लाय!”

म्हणजे दुकानात तोंडाने पाऊण इंच, छापील २३/३२, आणि प्रत्यक्षात सांगलीच्या कुठल्याही टिंबर मार्टमध्ये मिळतो तोच अठरा मिलिमीटर. ज्या पाऊण सुताच्या चिपरसाठी हा सेट निवडला, तो लावला तर खाच सात ते बारा थौ सैल. मला हसू आलं. बाबांना आलं नाही, त्यांनी पेन्सिल उचलली.

साडेपाच सूत म्हणजे ६८७ थौ आणि वर अर्धा. दोन बाहेरची, तीन मोठे चिपर, एक अर्ध्या सुताचा. राहिले वीस-बावीस थौ, ते शिमने.

शनिवार, २० एप्रिल

चाचणीचा दिवस. प्लग काढला. ब्लेड गार्ड आणि मागची रायव्हिंग नाइफ (कापलेली चीर मिटू न देणारी पट्टी) काढावी लागते, कारण खाच आरपार जात नाही. म्हणजे आज यंत्रावर रोजचं कुठलंच चिलखत नाही. बाबांनी दोन रबरी पकडीचे पुश ब्लॉक माझ्या हातात दिले आणि म्हणाले, बोटं दिसली की मी प्लग ओढणार.

पाती चढवताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची : कुणाचाही कार्बाइडचा दात शेजारच्याच्या दाताला टेकता कामा नये. चिपरचा दात बाहेरच्या पात्याच्या दोन दातांमधल्या खोलगट जागेत यायला हवा. चिपर एकमेकांशी कोनात फिरवून पंख्यासारखे पसरायचे, म्हणजे गठ्ठ्याचा तोलही राहतो. दात दाताला भिडलेला असताना नट आवळला तर कार्बाइडचा टवका उडतो, आणि रुंदीही चुकते.

पहिली चाचणी : १२ आणि ८ थौचे शिम. सातशे साडेसात अपेक्षित. यंत्र चालू केलं आणि बाबांनी लगेच हात वर केला. बंद कर. मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं.

“घरघरीत खरखर आहे.”

तरी एक तुकडा कापला होता तो मोजला. एका टोकाला ७१६, दुसऱ्याला ७१९. शिम फक्त वीस थौचे, मग हे वरचे दहा कुठून आले? सगळं उतरवलं. आठ थौचा शिम हातात आला तेव्हा त्याच्या भोकाच्या काठाला नखाएवढी घडी पडलेली. आर्बरच्या आट्यांमध्ये तो खाली घसरला होता आणि नट आवळताना चिपरखाली चेंगरला. त्या घडीने वरचं सगळं पातं तिरकं झालं. माझाच आळस, शिम चढवून मी सरळ पुढचा चिपर ढकलला होता.

पातळ पत्र्याची चकती आट्यांवर सरळ उभी राहायला तयार नसते, हे खरं दुखणं. उपाय आईच्या फ्रिजवरून आला. गणपतीचं मॅग्नेट. शिम पात्यावर चिकटवायचा, वरच्या अंगाला मॅग्नेटने धरायचा, पुढचा चिपर जवळ आणायचा, आणि दाबायच्या आधी मॅग्नेट काढायचं. काढायचं हे बाबांनी तीनदा म्हटलं. प्रत्येक शिमला मॅग्नेट मोजून परत खिशात.

दुसरी चाचणी : नवा शिम. ७०७ आणि अर्धा. आवाज एकसारखा. फळीचा तुकडा हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर बसला. सरस लावला की लाकूड फुगणार, मग तो अर्ध्यातच अडकेल.

तिसरी : वर आणखी ४ थौ. एकूण चोवीस. तुकडा तळहाताने दाबून बसला, आणि उलटा धरून हलवला तरी पडला नाही. बाबांनी तो काढला, परत बसवला, परत काढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “लिहून ठेव.” डब्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलने लिहिलं : साडेपाच सूत + २४ थौ.

तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केसासारखी एकेक बारीक चीर दिसते, बाहेरच्या पात्यांच्या टोकदार दातांची. इथले लोक तिला वटवाघळाचे कान म्हणतात. पुढच्या कडेला मेपलची पट्टी लागणार आहे, तिच्यामागे झाकली जाईल. बाबांनी नाक मुरडलं, पण सोडून दिलं.

रविवार, २८ एप्रिल

मुख्य काम. ६० इंचाच्या दोन अरुंद बाजू वेगवेगळ्या आडव्या खाचायच्या म्हणजे पंचाईत : सव्वाअकरा इंचाची कड फेन्सला टेकणार आणि जवळजवळ पाच फूट प्लाय डावीकडे लोंबणार. बाबांची युक्ती अशी, की आधी २३ इंच रुंद एकच तुकडा घे, त्यावर खाचा मार, मग उभा चीर. पुस्तक उघडावं तशा दोन बाजू समोरासमोर येतात आणि खाचा आपोआप जुळतात, मापात चूक असली तरी दोन्हीकडे तीच चूक. शिवाय फेन्सला २३ इंचांचा आधार.

या यंत्राचा फेन्स उजवीकडे साडेबत्तीस इंचांपर्यंत जातो. म्हणून खालच्या तीन खाचा खालचं टोक फेन्सला लावून, वरच्या दोन वरचं टोक लावून. त्यासाठी दोन्ही टोकं गुण्यात, म्हणजे काटकोनात, हवीत. एकात थोडा फरक निघाला, परत कापलं. डावीकडे त्याच उंचीला घडीचं टेबल लावलं. पात्यांभोवतीची फट बुजवायला टेबलावर पाव इंची हार्डबोर्ड क्लॅम्पने बसवला आणि चालू पाती हळूहळू त्यातून वर आणली. आता फट खाचेएवढीच, त्यामुळे प्लायचा पापुद्रा खालून धरलेला राहतो. खाचेच्या रेघांवर कटरने चीर मारून घेतली ती वेगळी.

पहिल्या खाचेलाच मेन स्विच पडला. व्हॅक्यूम, यंत्र आणि गॅरेजमधला फ्रीझर एकाच लाइनवर. व्हॅक्यूमची वायर स्वयंपाकघरातून ओढली. आईच्या पोळ्या चालू होत्या. वायरीवरून उडी मारून ती ये-जा करत राहिली.

पाच खाचा, वीस मिनिटं. तयारीला चार तास लागले होते. कड दोनच ठिकाणी उडाली, तीही शेवटाला, जिथे पाती बाहेर पडतात.

शनिवार, ४ मे

पाठीचा प्लाय. विचार होता की बाजूंना मागून पाव इंची खाच मारून त्यात सरकवायचा. पण हा ‘पाव इंची’ निघाला पाच मिलिमीटर, म्हणजे १९७ थौ. आणि डेडोची सगळ्यात अरुंद खाच म्हणजे दोन्ही बाहेरची पाती एकमेकांना लावून दोन सूत, अडीचशे. त्याखाली हा सेट जातच नाही. घेण्याआधी हे ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

खाचेऐवजी मागच्या कडेला पायरी काढली. फेन्सला लाकडाची जाड पट्टी बांधली, पाती तिच्यात थोडी घुसवली, आणि जेवढी बाहेर तेवढीच पायरी. तीन सूत रुंद. इथे रुंदी गठ्ठ्यावर नाही, फेन्सवर ठरते, त्यामुळे शिमची कटकटही नाही. प्लाय मागून ठोकला की झालं.

शनिवार, ११ मे

काल अक्षय्य तृतीया होती, सरस काल रात्रीच लागला. पाचही फळ्या तळहाताने बसल्या. चौथी जरा अडली, तिथे प्लाय ७१२ चा होता, पॉलिश पेपरने दोन हात फिरवले. सगळ्यात वरची फळी पायरीत. कर्ण मोजले, एक सुताचा फरक, क्लॅम्प तिरका ओढून काढला.

आज क्लॅम्प सोडले. बाबा मधल्या फळीवर हाताने भार देऊन बघत होते आणि आई पुस्तकं पुसून देत होती. सेट पुसून तेलाचा हात देऊन डब्यात ठेवला. पाऊण सुताचा चिपर अजून त्याच्या तेलकट कागदात आहे, बाबांनी घातलेल्या घडीसकट.